ढोलाजवळचा लाल ठिपका

माझी सोमवारची सकाळ मेलेले किडे मोजण्यात जाते. चंद्रपूरच्या आमच्या लहानशा संग्रहालयात कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवले आहेत. कुठल्या सापळ्यात कोणते किडे, किती, हे मी संगणकात भरते आणि सॉफ्टवेअर दालनांच्या नकाशावर रंग चढवतं. किडे नसतील तिथे पांढरा, वाढले की पिवळा, मग लाल. नकाशावर महिने मागे-पुढे सरकवता येतात. दुपारी पंखा घरघरत असतो, बाहेरचं ऊन कलत जातं आणि मी नुसतीच महिने सरकवत बसते. रंग फुलतात, मावळतात. आपण काम करतोय की झोपेत आहोत, हेच कितीदा कळत नाही.

एक ठिपका मात्र माझी झोप उडवायचा. दर वर्षी धानाची कापणी झाली की एका ढोलाजवळ तो लाल व्हायचा. आधी धान्यातले सोंडे, त्यांच्यामागून कातडं खाणारे भुंगे. ढोलाच्या कातड्याला कडेने भोकं पडू लागली होती. आणखी एक-दोन वर्षं असंच चाललं असतं, तर ढोलाचं नुसतं लाकूड उरलं असतं. मी खिडक्या बंद करून फटींवर पट्ट्या चिकटवल्या. चौकीदार भाऊ तिथे बसून डबा खात असणार, असं ठरवून त्यांनाही फैलावर घेतलं. माझा राग तसा नाकावरच असतो. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

गेल्या वर्षी त्या दिवसांत मी ढोलासमोर ठाणच मांडलं. तिसऱ्या दुपारी एक म्हातारी आली. आलापल्लीच्या पलीकडच्या गावची. ढोल तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर तिनेच आम्हाला दिलेला. तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर नवे तांदूळ ढोलाच्या फटीतून आत सोडले.

"माय, हे काय करून राह्यली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्याले जेवाले देऊन राह्यली," ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या आंधी म्या नवं कशी खाऊ, बाई? दरसाली इथी त्याले द्याचं, मंग घरी जाऊन आपण खायाचं."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मी तिला संगणकापुढे नेलं आणि किड्यांचा लाल ठिपका दाखवला. ती पडद्याजवळ वाकली.

"येवढे आले जेवाले?" तिचा चेहरा उजळला. "तो कधी एकटा जेवला नाई."

मग मी तिचं बोट धरून कातड्याच्या भोकांवरून फिरवलं. एका भोकाशी ते थांबलं. मला फार वाईट वाटलं.

"मंग त्याले कुठी देऊ?" तिने विचारलं.

पुढच्या साली ये, तोवर काहीतरी बघते, एवढंच मी म्हणाले. ती गेल्यावर आम्ही ढोल रिकामा केला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि किडे मरावेत म्हणून डीप फ्रीजरमध्ये ठेवला.

यंदा ती आली तेव्हा ढोल पुन्हा जागेवर होता. मी तिला मागच्या अंगणात, त्याच दालनाच्या खिडकीखाली नेलं. तिने पळसाचं पान मांडलं, त्यावर तांदूळ ठेवले. मग बंद खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "त्याले समजन का, बाई? तो तं अंदर हाय."

मी आत गेले. स्वतःच्या हाताने चिकटवलेल्या पट्ट्या नखांनी सोलल्या आणि खिडकी सताड उघडली. ढोलावर ऊन आलं. बाहेर ती गोंडीत काहीतरी बोलत होती, मध्येच हसत होती.

सोमवारी सॉफ्टवेअरने नेहमीचा प्रश्न विचारला: दालनाची खिडकी उघडी होती का? मी 'हो' भरलं. खाली कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, जेवण चालू होतं.