बहिणीचे डोळे

आमचे शेजारी घरीच जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून फोटो संगणकावर आणतात. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली, की ते आतल्या माणसांना दटावतात, "हलू नगासा, पावणं!"

बालपणीच गेलेल्या माझ्या बहिणीचा एकमेव फोटो मृत्यूनंतर, तिला खुर्चीत बसवून काढलेला होता. आईसाठी मी त्याची निगेटिव्ह त्यांना दिली. काम होताच स्क्रीन माझ्याकडे वळवून ते म्हणाले, "डोळं उघडल्यात बघा, सर."

"कोणाला विचारून?"

"तुमच्या आईस्नी! डोळं तुमचंच हाईत की, ल्हानपणीच्या फोटोतलं."

मग स्क्रीनवरच्या बहिणीला त्यांनी मायेने बजावले, "आता मिटू नगंस, बाळ."

आता आई त्या फोटोशी रोज बोलते. माझ्या डोळ्यांत पाहणे मात्र ती टाळते.