नेत्रावतीचे अठ्ठेचाळीस उखाणे

जनवाड्याच्या नेत्रावतीला चिनी वाचता येतं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेली बाई चिनी वाचते म्हटल्यावर मीही हसलो होतो. आता नाही हसत.

गावाजवळच्याच कोळारच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधांच्या एका कारखान्यात ती सात वर्षं पाकिटं भरायच्या कामावर होती. मागच्या वर्षी मालकानं चीनहून एक यंत्र आणलं. पंधरा बायांचं काम ते एकटं करायचं. यंत्राबरोबर आलेला चिनी माणूस तीन आठवडे राहिला, चालवून दाखवलं आणि गेला निघून. मागे राहिला तो पडदा. त्यावरच्या निम्म्या सूचना इंग्रजीत होत्या, पण बिघाडाच्या आणि धोक्याच्या सगळ्या चिनीत. मालकाला ते आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा म्हणे कंपनी फोन उचलीना. घ्या आता!

सुपरवायझर अमृतप्पानं बायांना गोळा करून सांगितलं, "अठ्ठेचाळीस शब्द हायत. दोन महिन्यांनी परीक्षा. ज्या दोघींना येतील त्या यंत्रावर, कायम. बाकीच्यांचं आता मी काय सांगू?"

सांगायची गरज नव्हतीच.

नेत्रावतीनं पोरीच्या जुन्या वहीत अक्षरं उतरवून घेतली. अक्षरं कसली, काड्यांचे ढीग! एकेक अक्षर शंभर-शंभर वेळा गिरवलं. सकाळी पाठ, दुपारी सपाट. मग विजयश्रीनं तिला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. विजयश्री शेजारच्याच टेबलावर पाकिटं भरायची. व्हिडिओतला माणूस सांगत होता, मनात एक घर बांधा, खोल्याखोल्यांतून अक्षरं ठेवा, मग घरभर फिरा. नेत्रावतीचं घर दोन खोल्यांचं. अठ्ठेचाळीस अक्षरं ठेवायची कुठं, धान्याच्या कणगीत?

तोड सापडली ती एका लग्नात. नवरी उंबऱ्यावर अडवली होती, नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. नवरी अडखळली, तशी मागून नेत्रावतीनं तिला पटकन एक उखाणा पुरवला. मग दुसरा, मग तिसरा. आणि तिथंच तिच्या डोक्यात लख्ख पडलं. शेकड्यानं उखाणे तोंडपाठ आहेत की आपल्याला! मराठीतले, कानडीतले. लग्नानंतरच्या बारा वर्षांत एक विसरलेला नाही. मग चिनी अक्षराचा का उखाणा होऊ नये?

दरवाजाचं चिनी अक्षर म्हणजे दोन खांब, वर आडवी काठी, कोपऱ्यात एक ठिपका. नेत्रावतीनं जुळवलं:

"दोन खांब, वर काठी, ठिपका कुंकवाचा,
संगमेशरावांचं नाव घेते, दरवाजा सुखाचा."

'थांब'च्या अक्षरात डावीकडे एक माणूस उभा आणि उजवीकडे टपरीसारखं छप्पर. "माणूस उभा टपरीपाशी, पाय न्हाई हालत, संगमेशराव म्हणत्यात थांब, मी न्हाई चालत." 'तातडी'च्या अक्षरात वर सगळी गिचमीड आणि तळाशी काळजाचं चिन्ह. "वर ओझ्याचा ढीग, खाली काळीज झुरतंय, संगमेशरावांना झाला उशीर, मन घाई करतंय."

तिचा नवरा संगमेश गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या कामाला होता. संध्याकाळी ती पीठ मळायची आणि हा समोर बसून एकेक कागद धरायचा. हिनं उखाणा घेतला की लाजायचा, आणि वरून म्हणायचा, "आख्ख्या चीनला माझं नाव शिकवायलीस की काय!" पोरगी शिवलीला खिदळायची. सासू नागव्वा चुलीपाशी पुटपुटायची, पण तीही ऐकायची. महिन्याभरात अठ्ठेचाळीसही झाले.

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. संगमेश मन्नाएखेळ्ळीहून मोटारसायकलवर येत होता. हायवेवर मागून ट्रक आला. एवढंच. ह्यापलीकडं मला सांगवत नाही.

विभूती लावून, बेलपत्र वाहून, लिंगायत रीतीनं त्याला बसवून माती दिली. बायांनी नेत्रावतीचं कुंकू पुसलं. दहाव्या दिवशी नागव्वानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोरगी माझ्या लेकाची हाय, ती हितंच ऱ्हाईल. तुझी नोकरी तर जायलीच हाय. तू जा भावाकडं." भाऊ मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर जेवणाचं हॉटेल चालवायचा. तो बहिणीला नेईन म्हणाला, भाचीला नेईन म्हणाला नाही.

म्हणजे आता त्या अठ्ठेचाळीस अक्षरांवर पोर टांगली होती.

नेत्रावतीनं वही उघडली. पहिलंच पान दरवाजाचं. अक्षर दिसलं आणि मागोमाग नाव आलं. वही मिटली. परत उघडली. परत नाव. विधवा बाईनं उखाणा घ्यायचा नसतो, हे हिला कुणी सांगायला नको होतं; कुठल्याही कार्यात आता हिला कुणी 'नाव घे' म्हणणार नव्हतं. मग तिनं नाव गाळून पाठ करून बघितलं. नाव गाळलं की ओळ पडायची, ओळ पडली की अर्थ जायचा. आमटीतलं मीठ काढायला गेल्यागत झालं बाईचं. "देवा बसवण्णा, कामून असं पाठ केलं मी," म्हणून तिनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. "दुसरं काय बी चाललं असतं की! गाय, म्हैस, दगड, काय बी!"

परीक्षा वरच्या हापिसात झाली. पुण्याहून एक साहेब आला होता. अमृतप्पा एकेक कागद धरायचा आणि बाईनं अर्थ सांगायचा. बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या. विजयश्रीला एकतीस आले. मग नेत्रावती.

पहिला कागद, दरवाजा. ती गप्प. दुसरा, थांब. गप्प. तिसरा. चौथा.

"अक्का," अमृतप्पा हळूच म्हणाला, "तुला तर समदे येत होते की."

साहेबानं घड्याळ बघितलं. नेत्रावतीला समोर शिवलीलाची वेणी दिसायला लागली. उद्यापासून ती कोण घालणार? तिनं डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "पहिल्यापासनं दाखवा, अण्णा."

आणि मोकळ्या कपाळानं ती बाई उखाणा बोलली. ठिपका कुंकवाचा म्हणाली. संगमेशरावांचं नाव घेते म्हणाली. भिंतीकडून कुणीतरी "अगं बया!" केलं, कुणी तोंडाला पदर लावला. साहेब म्हणाला, "नुसता अर्थ सांगा हो, कविता नको."

"नुसता येत न्हाई, साहेब," ती म्हणाली.

अमृतप्पा कागद बदलत गेला. तातडीच्या अक्षरापाशी 'झाला उशीर'वर ती थांबली, आणि सगळ्यांना वाटलं संपलं. तिनं तो शब्द नुसता ढकलून बाहेर काढला. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस आले. सत्तेचाळीस वेळा तिनं त्याचं नाव घेतलं, माती होऊन तीन आठवडे झाले नव्हते तेव्हा.

बातमी तिच्याआधी जनवाड्याला पोचली होती. नागव्वा दारातच म्हणाली, "लाज इकून आलीस व्हय?" नेत्रावतीनं कायम झाल्याचं पत्र तिच्या हातावर ठेवलं, पोरीला जवळ ओढलं आणि चुलीकडं गेली. पोरीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

यंत्रावर पहिले दिवस नरकाचे गेले. पडद्यावर काही उमटलं की नाव यायचं. पाळीत दोनशे-दोनशे वेळा. ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची आणि मनात म्हणायची, नको रे बाबा, नको येऊ, मला काम करू दे.

सहाएक महिन्यांनी एका दुपारी पडद्यावर लाल अक्षरं आली, तातडीनं थांबवा. तिचा हात विजेसारखा गेला. यंत्र थांबलं. आत पत्रा अडकला होता, अमृतप्पानं काढला आणि म्हणाला, "शाब्बास, अक्का! आता चिनी माणसागत वाचायलीस."

नेत्रावती तशीच उभी राहिली. नाव आलं नव्हतं. आजचंच नाही, कालही आलं नव्हतं, परवाही नाही. कधीपासून येत नाही तेच तिला आठवेना. ती घाबरली. तिनं मुद्दाम आठवायला घेतलं, वर ओझ्याचा ढीग, खाली काळीज... पुढं? संगमेशराव, ते ठाऊक होतं, पण त्यांना काय झालं होतं? काय जोडलं होतं तिथं? टपरीचा उखाणा तर सगळाच गेला होता. तिनं एकेक धरून बघितला. पुरते आले ते अकरा; वहीत नुसती अक्षरंच होती, उखाणे कुठं लिहिलेच नव्हते.

ती धावत यंत्राच्या दुसऱ्या टोकाला गेली; तिथं विजयश्री असायची, निवडलेली दुसरी तीच. "विजू, तू परीक्षेला हुतीस की! मी काय म्हटलं हुतं गं? त्यांचं नाव कसं घेतलं हुतं? सांग की!"

"एकदाच ऐकलं हुतं, अक्का," विजयश्री म्हणाली. "न्हाई आठवत."

"नीट आठव की गं! त्यांच्यासंगं मी ते रोज म्हणायचे..."

मागून अमृतप्पानं हाक मारली, "अक्का, चालू कर, माल तटलाय." ती आपल्या जागी परत आली. पडद्यावरचं सगळं तिला स्वच्छ वाचता येत होतं.