कातळातली हवा आणि अण्णाची जागा

लग्न होऊन मैंदर्गीहून सोलापुरात आले तेव्हा मला कशाचा गर्व असावा, तर हवेचा. सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं. दाराशी एक आडवी लाल टाकी आणि तिच्या डोक्यावर धडधडणारा कॉम्प्रेसर. शेजारचे दुकानदार अजून हातपंपावर घाम गाळत होते आणि आमच्याकडे नळी लावली की चाक टम्म. माझे दागिने बेताचे, रूप बेताचं, शिक्षण मॅट्रिकशी गटांगळ्या खाऊन थांबलेलं. मिरवायचं तर कशाने? टाकीने.

पहिल्या पंचमीला माहेरी गेले आणि वहिनीपुढे टाकीचं पुराण लावलं. वहिनी म्हणजे अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्याहून थोडीशीच मोठी. भाकरी थापता थापता तिने विचारलं, की साठवलेली हवा शिळी होते का. आता हे मला कुठलं माहीत? पण ‘माहीत नाही’ असं म्हणणं त्या वयात जिभेला जमत नव्हतं. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की होते, म्हणून दर सोमवारी आम्ही ती बदलतो. सोमवारी दुकान बंद असायचं, एवढाच त्यात खरा भाग. वहिनीने मान डोलावली. पुढे मी कधीही माहेरी गेले की ती चारचौघांत विचारायची, काय वन्सं, या सोमवारी बदलली का हवा? तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिला कळलंय हे मला कळायला माझी दोन बाळंतपणं जावी लागली.

ती वहिनी आता मैंदर्गीच्या बाहेर, आमच्या शेतात, रस्त्याकडेच्या कोपऱ्यात आहे. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि वर माती लोटतात. अण्णाने तिच्यावर दगडी कट्टा बांधून घेतला. शेत तसं नावाचंच. वीतभर माती आणि खाली काळा कातळ. तूर आली तर आली. त्या कोपऱ्यात तेवढा मुरूम लागला, म्हणून वहिनीची सोय झाली.

आणि माझी नात, मुलाची मुलगी, ती शिकून सवरून हवा साठवायच्या कामाला लागली. घराण्याचा धंदा कुठे सुटतो?

जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तिने मला सगळं समजावलं. अक्कलकोटकडे जाताना आता दोन्ही अंगांना सोलरच्या पाट्या दिसतात. भर दुपारी त्या इतकी वीज करतात की घ्यायला कुणी नसतं, आणि कधी कधी चांगल्या चालत्या पाट्या बंद ठेवाव्या लागतात. संध्याकाळी सूर्य गेला, की त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही. तेव्हा वीज हवी आणि पाट्या झोपलेल्या. मग दुपारच्या जास्तीच्या विजेवर मोठाले कॉम्प्रेसर चालवायचे, जमिनीखाली खोल, अखंड कातळात पोकळी कोरायची आणि तिच्यात हवा दाबून भरायची. संध्याकाळी ती हवा सोडायची. ती टर्बाइन फिरवते आणि वीज परत मिळते.

मी म्हटलं, बॅटरीत ठेवा की. ती म्हणाली, थोड्या वेळापुरती बॅटरी चांगलीच, पण साऱ्या जिल्ह्याची संध्याकाळ आणि रात्र काढायची तर खडक परवडतो, आणि खडक दहा-बारा वर्षांनी बदलावा लागत नाही. मी म्हटलं, हे तर तुझ्या पणजोबांच्या दुकानात होतं. ती म्हणाली, आजी, तेच आहे, फक्त टाकीच्या जागी डोंगर.

हवा दाबली की तापते, हे मात्र तिने सांगायची गरज नव्हती. नवी नवरी असताना मी कॉम्प्रेसरच्या डोक्यावर माझं नायलॉनचं पातळ वाळत टाकलं होतं. लवकर वाळेल, ही अक्कल. लवकर वाळलं, आणि मधोमध ताटाएवढं भोकही पडलं. पुढचं वर्षभर ते पातळ भोक आत राहील अशा बेताने नेसत होते आणि कुणाला काही कळत नाही असं समजत होते. नात म्हणाली, तीच उष्णता आम्ही बाजूला धरून ठेवतो आणि हवा सोडताना तिला परत देतो, नाहीतर बाहेर येणारी हवा यंत्रावर बर्फ धरेल इतकी गार होते. म्हणजे माझं पातळ वाचलं असतं.

तर अशा कातळाच्या शोधात तिची माणसं मुलूखभर हिंडत होती, आणि हिला आठवलं मामाआजोबांचं माळरान. भोकं पाडून खालून दगडाच्या लांब लांब कांड्या काढल्या. त्या तिने मला अशा दाखवल्या जशा एखादीने मुलासाठी बघितलेल्या मुलीचे फोटो दाखवावेत. एक चीर नाही, एक भेग नाही. दुसरीकडे आणखी एक टेकडी तिच्या वरिष्ठांच्या मनात होती, पण हिचा जीव इथे अडकला. तिने स्वतः सुचवलेली ही पहिलीच जागा. आता अण्णाने हो म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

अण्णा हो म्हणणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि त्याचं कारण वहिनीच. शेवटच्या दिवसांत तिला श्वास पुरत नव्हता. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं होतं, ते विजेवर चालायचं. तिन्हीसांजेला वीज गेली, की अण्णा अंधारात चाचपडत सिलिंडरची नळी जोडायचा. वहिनी एकदा नळीतून श्वास घेत घेत मला म्हणाली, वन्सं, तुमच्या दुकानातली हवा शेवटी माझ्या घरी आली. ती हसली, मीही हसले. अण्णा मात्र बाहेर जाऊन उभा राहिला. म्हणून संध्याकाळसाठी काहीतरी साठवून ठेवायचं म्हटल्यावर त्याला फार समजावावं लागलं नाही. फक्त विहिरींच्या पाण्याला धक्का लागणार नाही ना, हे त्याने तीनतीनदा विचारून घेतलं.

नकाशा दाखवायला नातीने येळवशीचा दिवस धरला. येळवशी म्हणजे वेळामावस्या; त्या दिवशी आमच्याकडे घरात कुणी जेवत नाही, अख्खं घर शेतात. कडब्याची खोप, चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, त्यांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे पुण्या-मुंबईकडची तळलेली भजी नव्हेत. हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेलं ते प्रकरण एकदा पोटात गेलं, की माणूस कशालाही हो म्हणतो. नातीने वेळ बरोबर साधली होती.

पहिला नैवेद्य पांडवांना, दुसरा वहिनीच्या कट्ट्यावर. जेवणं होत आली तशी तिने घोंगडीवर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. खोल कातळात जिथे पोकळी, तिथे निळा रंग. खाली उतरायचं मोठं तोंड, म्हणजे ज्यातून माणसं, यंत्रं, नळ जाणार, ते रस्त्यालगत तांबड्या रंगात. वहिनीच्या कट्ट्याभोवती तिने हिरवं वर्तुळ काढलं होतं. साहेबांशी भांडून काढलं म्हणे. इथे कुणी हात लावायचा नाही, असं तिने बैठकीत सांगितलं होतं.

अण्णाने चष्मा लावला. हिरव्या वर्तुळावर बोट ठेवलं, तिथून ते तांबड्यावर नेलं, आणि तिथेच ठेवलं. हातातला उंडा त्याने पानात परत ठेवला.

नातीला वाटलं, त्याला कट्ट्याची काळजी आहे. ती पुन्हा पुन्हा सांगू लागली, की मधे भिंत घालू, हादरेसुद्धा मोजत राहू, मामीआजीच्या कट्ट्याचा टवकाही उडणार नाही.

अण्णा म्हणाला, “तिचं झालं गं बाई. माझं काय?”

तिला कळलं नाही. ती म्हणाली, “तुमचं काय मामाआजोबा? तो तुकडा तर पडीक आहे.”

खरंच पडीक होता. वरून ड्रोनने फोटो काढले, त्यात तो तसाच दिसला. कट्टा आणि रस्ता यांच्यामधली चौकोनी जमीन, नांगर नाही, पेरा नाही. पण ती पडीक नव्हती, ती राखलेली होती. आमच्यात नवराबायको शेजारी शेजारी बसतात. बायको डाव्या हाताला, नवरा उजव्या. वहिनीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं तेव्हाच तिच्या उजव्या बाजूची जागा अण्णाची झाली. तिथून औत वळवून न्यायचं, हे गड्यालाही ठाऊक होतं. कुणी बोलून मात्र दाखवत नाही. जित्या माणसाच्या जागेचं नाव कोण काढणार? न बोलता राखलेली जागा ड्रोनला कशी दिसावी, आणि जुळे सोलापुरात वाढलेल्या पोरीला तरी कशी कळावी?

मी तिला हळूच सांगितलं. ती कानापर्यंत लाल झाली. एकेक तांब्या उचलून बाजूला ठेवला, नकाशाची गुंडाळी केली आणि फोन घेऊन बांधाकडे गेली. आम्हाला तिचे हात तेवढे दिसत होते. एवढे हातवारे करून बोलायची खोड माझ्याकडून गेलीय.

परत आली तेव्हा आवाज अगदी साधा ठेवून बोलली. विहिरीच्या बाजूने तोंड काढता येणार नाही, कारण विहीर खोदताना उडवलेल्या सुरुंगांनी तिकडचा वरचा दगड फुटलाय. आणि शेताच्या मधे काढायचं तर यंत्रं न्यायला कट्ट्यावरूनच रस्ता काढावा लागेल. तेव्हा राहू दे. साहेब त्या दुसऱ्या टेकडीचं बघतील. काही बिघडत नाही.

काही बिघडत नाही म्हणताना ती खाली बसून आंबीलीचा रिकामा पेला धूत होती. तो पेला तिने आधीच एकदा धुतला होता.

अण्णा काठी टेकत उठला. कट्ट्याशी गेला, आपल्या जागेवर उभा राहिला. तिथून तिला हाक मारली आणि विचारलं, की तुला नेमकी किती जागा लागते. तिने सांगितलं, नको मामाआजोबा, विषय संपला. त्याने परत विचारलं. मग ती गेली आणि पावलं टाकून दाखवलं. कट्ट्याच्या उजव्या कडेपासून रस्त्यापर्यंत. सगळीच.

“आणि ह्या अंगाला?” त्याने काठी कट्ट्यावरून पलीकडे, डाव्या बाजूला नेली.

तिकडे काही नको, ती म्हणाली. तिकडे वर काहीच येत नाही.

अण्णाने काठी परत ओढून घेतली. काय अडलंय ते मला दिसत होतं. डाव्या बाजूला मुरूम होता, जागा होती, पण तिथे बसायचं म्हणजे बायको उजव्या हाताला येते. आयुष्यात हा माणूस कधी उलट्या बाजूने ताटावर बसला नाही. त्याला आता कोण सांगणार? मीच. आमच्या घरात नको ते बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे.

“अण्णा, पूजेला बसताना वहिनी कुठल्या हाताला बसायची?”

तो म्हणाला, “उजव्या.”

“लग्नात होमापुढं?”

“उजव्या.”

“मग? जन्मभर घरात ती डावीकडं बसली, तू म्हणशील तसं. आता पूजेला बसल्यासारखं बस की. तिला तरी जरा मान मिळंल.”

अण्णाने माझ्याकडे असं बघितलं, की लहान असते तर मी पळाले असते. मग तो कट्ट्याकडे बघत राहिला. नात पेला हातात धरून उभी होती. काय चाललंय ते तिला आता पुरतं कळलं होतं, आणि तिने मधे एक शब्द घातला नाही. त्यासाठी मी तिला मनातल्या मनात शंभर गुण दिले. मी तिच्या वयाची असते, तर अशा वेळी हवेवर भाषण दिलं असतं.

“माझ्या बुडाखाली हवा येईल व्हय गं?” त्याने तिला विचारलं.

ती म्हणाली, “खूप खोल असेल. विहिरीच्याही खूप खाली. तुम्हाला कळणार नाही.”

“आवाज?”

“नाही.”

“मग घे ही रस्त्याकडची बाजू तुला,” तो म्हणाला आणि कट्ट्यावर हात ठेवला. “हिला काय, ती म्हणंलच, शेवटी ऐकलं म्हणून.”

नात रडली, हे मी लिहिणार नव्हते, पण रडली. पेल्यातलं पाणी साडीवर, माझ्याच साडीवर, सांडलं. येळवशीला तिने हौसेने माझी इरकल नेसली होती. अण्णाने तिला दटावलं, की रडायला अजून मी कुटं गेलोय, आणि चुन्याचं डबडं आण म्हणाला. दगड रंगवून उरलेला चुना खोपीत होता.

तो कट्ट्याच्या डाव्या बाजूला गेला आणि काठी बाजूला टाकून, गुडघे धरत, पूर्वेकडे तोंड करून खाली बसला. मला वाटलं, आता आम्हालाच उठवावं लागणार. नात वाकून, डबडं तिरकं करून, चुन्याची धार सोडत त्याच्याभोवती फिरू लागली. रेघ त्याच्या गुडघ्याला लागून जायला लागली तशी त्याने तिचा हात धरला.

“जरा ऐसपैस मार की, बाई. मांडी घालून बसायचंय मला.”