गेरूची खूण

दाबके सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत. खिशातली किल्ली काढून खांबावर टकटक करायची, कान लावायचा आणि मग यजमानांना नमस्कार. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाचे सगळे खांब वाजवून पाहिले. व्यवस्थापक धावत आले. "काय हवंय आपल्याला?" सर म्हणाले, "काही नको. हा चौथा खांब आतून बरा वाटत नाही. पंगत जरा अलीकडे घ्या." पंगत खरोखरच अलीकडे घेतली गेली.

मी वर्ध्याहून पुण्याला एम.ई. करायला आले तेव्हा सर आमच्या कॉलेजात स्थापत्य विभागात शिकवत. नारायण पेठेतून सायकलवर येत. शहराच्या कडेचे जुने कारखाने बंद पडत होते आणि त्यांच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहत होती. माझ्या बरोबरचे सगळे संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळायचे. मी सरांकडे प्रबंध घेतला, कारण स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न विद्यार्थ्याला विचारणारा दुसरा प्राध्यापक मला भेटला नव्हता.

त्यांचा प्रश्न साधा होता. इमारत पाडली की तिच्यातलं काँक्रीट घणाने फोडून खड्ड्यात का भरायचं? अख्खा बीम सोडवून दुसऱ्या इमारतीत का वापरू नये? लोक म्हणत, जुना झाला की हो तो. त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर असे, "काँक्रीटचं वय विचारू नये, तब्येत विचारावी." आणि पाडकाम करणाऱ्यांबद्दल, "मोडायला अक्कल लागत नाही, सोडवायला लागते."

अशात एका बंद कारखान्याची शेड पाडायला निघाली. मालक सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. आम्ही एक बीम सोडवून प्रयोगशाळेत आणला. तो कॉलेजच्या समितीसमोर भार पेलून दाखवेल, तर शेडचे बाकीचे सगळे बीम वाचणार होते आणि त्यांतून मुलींच्या वसतिगृहाची अभ्यासिका उभी राहणार होती. सरांनी वीस वर्षं कागदावर मांडलेली गोष्ट पहिल्यांदा जमिनीवर येणार होती.

चौकोनी बीम खालून-वरून सारखाच दिसतो. आतली जाड सळई मात्र खालच्या बाजूला असते, कारण ताण तिथे येतो. म्हणून बीम उतरवण्याआधीच सरांनी त्यावर गेरूने बाण काढून 'वर' असं लिहिलं होतं.

समिती यायच्या दिवशी सकाळी मला वाटलं, पाहुणे यायचे आणि बीम असा तेलकट, मळका. मी ब्रश आणि बादली घेऊन तो लखलखीत घासला. बाण गेला. गेल्याचं लक्षातही आलं. सरांना विचारायला हवं होतं. पण ते काय म्हणतील या भीतीने मी विचारलं नाही, अंदाजाने एक बाजू दाखवली आणि सर समितीला घेऊन यायच्या आत कामगारांनी क्रेनने बीम तसा ठेवला.

वाळूची पोती एकेक करून चढू लागली. निम्मीही चढली नव्हती तोच बीम मधोमध मोडला. सर वाकले, तुटलेल्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बीम चांगला आहे. आम्ही तो उलटा ठेवला. जाड सळई वर आहे, बघा."

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "दाबके, तुमच्यासारख्यांना खालची बाजू कळली नाही, तर ठेकेदाराच्या गवंड्याला कोण सांगणार?"

सरांनी वही काढली. "प्रश्न अगदी योग्य आहे," म्हणाले आणि तो लिहून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवानगी मिळाली नाही. आठव्या दिवशी शेडवर घण पडले.

मी प्रबंध कसाबसा पुरा केला आणि हिंजवडीत नोकरी धरली. आमची कंपनी परदेशी ग्राहकांसाठी बोगद्यांची गणितं करायची. यंत्र जमीन पोखरत पुढे गेलं की वरची जमीन किती खचेल, ते आम्ही संगणकावर मांडून दाखवायचो. सर निवृत्त झाल्यावर एकदा दोन बस बदलून ते बघायला आले. पिशवीत माझ्यासाठी बाकरवडी आणि स्वतःसाठी वही. तासभर एकामागून एक प्रश्न चालले होते.

"जमीन आहे, पाणी आहे, यंत्र आहे. यंत्र चालवणारा कुठे आहे?"

"तो गणितात धरलेला नाही, सर."

"का? सुट्टीवर असतो?"

मी हसले नाही. इतकी वर्षं दडवलेलं तिथेच सांगून टाकलं. "सर, बाण मी पुसला होता. पुसलाय हे मला ठाऊक होतं, तरी मी सांगितलं नाही."

"मला त्याच दिवशी कळलं, मेश्राम. तुमच्या ओढणीला गेरू लागला होता."

"मग समितीसमोर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्यांनी तुम्हाला घालवलं असतं, आणि प्रश्न सुटला असं समजून घरी गेले असते." मग म्हणाले, "पाण्याने जाणारी खूण ठेवली कुणी? मी. पण तुम्ही विचारायला हवं होतं. एवढा घाबरवत होतो का मी?"

मी मान हलवली. हो म्हणून. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. सरांना इतकं वाईट वाटलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, बीम मोडला तेव्हाही नाही.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या आठवणीत माझ्यासाठी सगळ्यात पुढे येते ती ऑफिसातली दुपार. मी डोळे पुसत होते आणि ते खुर्ची संगणकाच्या पडद्याजवळ ओढत होते.

"घाला त्या यंत्र चालवणाऱ्याला गणितात," ते म्हणाले. "आणि तो घाबरून गप्प बसला, असं धरा. बघू या किती खचतं."