दातांत धरलेली दोरी

शाळेत शिकवून झाल्यावर जिंतूरची बस येईपर्यंत मी येलदरी धरणाच्या काठावर थांबायचो. तिथं एक मासेमार रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गुरांचा चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्याचा डावा पंजा गेला होता. एका हाताने जाळं फेकता येईना, तेव्हा सोबत्यांनी त्याला नावेवर घेणं बंद केलं.

मग त्याने मोबाईलवर गळाने मासे धरणाऱ्या परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. भाषा कळत नव्हती, पण मनगट कसं फिरतं ते दिसत होतं. वेळूची काठी, लांब दोरी, गळाला बांधलेलं कोंबडीचं पीस. पाण्यावर किडा बसावा तसं ते अलगद टाकायचं. दोरी ओढून धरायचं डाव्या हाताचं काम तो दातांनी करी. दोरी सारखी बाभळीत अडकायची आणि नावेतले हसायचे.

"हसू द्या की, सर," तो म्हणाला. "त्यांच्या हसण्यानं दोरी अडकत न्हाई. माझ्या घाईनं अडकायलीय."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काठी वाकली. मी धावलो, तर दोरी दातांत धरूनच तो गुरगुरला, "हात लावू नका!" हातभर लांब मरळ त्याने एकट्याने बाहेर ओढली.

नाव जवळ आली. "उद्यापासून ये आमच्यासंगं," आतला एकजण म्हणाला.

त्याने ओठावरचं रक्त पुसलं. "मी न्हाई येत. तुमीच या काठाला, शिकवतो."