दुपारचा मिक्सर

आई सोशिक होती, हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते. नवनगरच्या आमच्या घरी कुणी भेटायला आलं, की चहाचा कप हातात देतानाच मी सुरू व्हायचे. "कॅन्सर हाडात गेलाय, पण आमची आई हूं की चूं करत नाही." शाळेत शिकवणारी असल्यामुळे वर एखादी म्हण जोडल्याशिवाय मला राहवत नसे. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." गावातल्या दुर्गदबैल पेठेत राहणारी मावशी डोळ्यांना पदर लावायची. आई पलंगावरून हे सगळं ऐकायची आणि हसायची.

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. "घड्याळ बघून द्या, त्या मागतील म्हणून वाट बघू नका," असं दोनदा बजावलंही होतं. मी मान हलवली आणि डबी देवघराच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली. अफूचीच ती जात, एकदा सवय लागली तर सुटायची नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. शिवाय ती गोळी सुरू करायची म्हणजे आई आता जाणार हे कबूल करायचं. आईही म्हणायची, "भोग आहेत बाई, इथेच फिटलेले बरे." मला ते सोयीचं होतं. तिने मागितली की देईन, असं मी ठरवलं. तिने कधीच मागितली नाही. कशी मागेल? येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत देवपण मीच तिला चिकटवलं होतं.

मी शाळेत असताना कामाला येणारी कानडी अक्का आईजवळ असायची; आईला ती अव्वा म्हणायची. त्या दिवसांत घरात शेंगदाण्याच्या चटणीला तोटा नव्हता. बरणी भरली, मग डबा भरला. "अक्का, साऱ्या नवनगराला जेवायला बोलावलंय की काय?" असं मी चिडवलंसुद्धा. अक्का नुसती खाली बघायची.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. जिन्यातच मिक्सरचा आवाज आला. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात अक्का मिक्सरवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. भांड्यात काहीच नव्हतं. आणि त्या घरघरीखालून, आतल्या खोलीतून, आई ओरडत होती. अडलेली गाय हंबरते तसा तो आवाज होता.

मला पाहून अक्काने बटण बंद केलं. त्याच क्षणी आतला आवाजही थांबला.

"अव्वाच सांगतात री," अक्का हळूच म्हणाली. "दुखायला लागलं की मिक्सर लाव म्हणतात. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आज शेंगदाणे संपले."

मी आत गेले. आईने तोंड पुसलं होतं. "लवकर आलीस? चहा घे," ती म्हणाली.

मी कपाट उघडून गोळी दिली. तासाभराने तिच्या कपाळावरची आठी गेली. ती आठी कित्येक दिवस तिथेच होती आणि मी तिला म्हातारपण समजत होते. मला इतकी लाज वाटली, की पायाशी बसूनही तिच्याकडे बघवेना. "आई, मागायचीस ना," मी म्हणाले. तेव्हाही दोष तिच्यावरच ढकलला.

"तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस," ती म्हणाली. मग डोळे मिटता मिटता, "गोळी घेते म्हणून मावशीला सांगू नको हं."

पुढचे तीन आठवडे मी घड्याळ बघून गोळ्या दिल्या. आई झोपायची, अक्काशी कानडीत गप्पा मारायची. एकदा तर भातात मीठ कमी म्हणून रुसली. मग ती गेली.

नंतर मावशी भेटायला आली. आईच्या फोटोकडे बघत म्हणाली, "किती सोसलं हिनं, पण गोळीला शिवली नाही. आमच्या जाऊबाईंनाही आता तेच दुखणं निघालंय. मी रोज त्यांना हिचं उदाहरण देते."

मी फोटोवरचा हार सरळ केला. आईचा शब्द मोडायचा नाही, असं मनाशी म्हटलं. अक्का चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि आत गेली.

त्याला आठ दिवस झाले. दुर्गदबैलाला मी अजून फोन केलेला नाही.