आधी उजवी बाजू

बुरोंडीच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर जो मोहल्ला आहे, तिथे बाईमाणूस गेलं की पहिला निरोप मशिदीत जाई आणि दुसरा हफीजाकडे. दफनापूर्वीची शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, बाईला बायकांनीच घालायचं असतं आणि ते काम हफीजा बावीस वर्षं करीत आली होती. तिला ते सासूने शिकवलं होतं. बोरीचा पाला घालून पाणी उकळायचं, कोमट झालं की कोपर बुडवून पाहायचं. अंगावरची चादर न हलवता तिच्याखालून हात फिरवायचा. आधी उजवी बाजू, मग डावी, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. मध्ये कुठे नापाकीची शंका आली, तर पुन्हा पहिल्यापासून. मौलवीसाहेब म्हणत, तेवढीच जागा धुतली तरी चालतं. त्यावर सासूचं म्हणणं असे, चालतं ते जिवंतांना.

आपलं गुसल हफीजाच्याच हातचं, असं म्हातारीने चार बायकांदेखत सांगून ठेवलं होतं. हफीजाला आयुष्यात कोणी दुसरा मान दिला नव्हता. नवरा यासीन कुवेतला बोटीवर, वर्षाआड येणारा. धाकटी जाऊ उझमा शिकलेली, घराचा कारभार तिच्या हाती. हफीजाचं म्हणावं असं एवढंच होतं.

पंचेचाळिसाव्या वर्षी अंगावरून जाणं थांबेना, म्हणून हफीजाचं गर्भाशय काढलं. नवव्या दिवशी पहाटेच्या नमाजाला उठताना तिला अंथरूण भिजलेलं आढळलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी अशक्तपणा असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. लघवी मात्र थेंबाथेंबाने, बसता-उठता, झोपेत, तिला न विचारता जातच राहिली. ती आठ महिने गेली.

त्या आठ महिन्यांत यासीनच्या सगळ्या जुन्या लुंग्या फाडून घड्यांना लागल्या. मांड्यांची कातडी सोलवटली. उझमाने मागीलदारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि पाइपाने धुवायला ती सोपी पडते, असं पाहुण्यांसमोर सांगितलं. लग्नाची आमंत्रणं येत, पण देणारे जाता जाता म्हणत, या वेळी फिजाला पाठवा. फिजा तिची लेक. पोरगी आधी रडायची, पुढे तीही आईच्या खोलीत शिरताना ओढणी नाकाशी नेऊ लागली. ते तिच्या ध्यानात येत नसे, हफीजाच्या येई.

नमाजापुरतं मौलवीसाहेबांनी सांगितलं की असा आजारी माणूस माजूर असतो, त्याला सूट असते, त्याने दर वेळी हात-तोंड-पाय धुऊन नव्याने वजू करावं, अल्ला कबूल करतो. मोहल्ल्याने मात्र तेवढी दिलदारी दाखवली नाही. शेजारची एक बाई गेली तेव्हा हफीजाला कोणी बोलावलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासू कमरेत वाकून स्वतः गेली आणि परत आल्यावर ओटीवर टेकत तिने सुनेला तोंडावर सांगितलं, "तुझ्या अंगाचं पाणी मय्यतीवर पडलं, तर मी वर काय जाब देऊ? माझ्या वेळी तू नको. कोरडी झालीस तर बघू."

पुढे रत्नागिरीच्या एका डॉक्टरीणबाईंनी निळं पाणी भरून दोष शोधला. गर्भाशय काढताना मूत्राशयाला इजा झाली होती, तिथे भोक पडलं होतं. त्यांनी ते शिवलं. एकवीस दिवस नळी आणि तिला जोडलेली लघवीची पिशवी अंगावर राहणार होती. घरी सोडताना नर्सने तीनदा बजावलं की पाणी भरपूर प्यायचं, नळी मुडपू द्यायची नाही, मिनिटभरही बंद ठेवायची नाही. आत साठलं तर शिवण उसवेल, आणि उसवलेलं पुन्हा शिवायला आत चांगली जागा उरत नाही.

हफीजा दिवस मोजू लागली. सतराव्या दिवशी दुपारी सासू भिंतीला धरून तिच्या खोलीत आली. तिने सुनेच्या खालच्या चादरीवर तळवा फिरवला, मग उलटा हात फिरवला. "कोरडी आहेस गो," ती म्हणाली. जाताना दाराशी थांबली. "मग माझं तूच घाल."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी म्हातारी उठली नाही.

पाणी तापत ठेवून हफीजा कमरेची पिशवी सावरत न्हाणीकडे निघाली, तेव्हा उझमा दारात उभी होती. तिचं म्हणणं, मुताची पिशवी बांधलेलं माणूस मय्यतीजवळ कसं जाईल? हफीजाने सासूचा शब्द सांगितला. शेजारच्या दोन बायका खाली पाहत राहिल्या.

"भाभी, मी तुम्हाला कुठे अडवलं?" उझमा म्हणाली. "पिशवी तेवढी बाहेर ठेवून या."

ते होणार नाही हे उझमाला ठाऊक होतं, म्हणूनच ती तसं म्हणाली. हफीजा खोलीत परतली. सकाळी तिने कफन फाडलं होतं, त्यातली एक चिंधी उरली होती. पाऊण तासाचं तर काम, तिने मनाशी धरलं. पिशवी काढून खाटेला अडकवली, नळी मुडपून चिंधीने घट्ट बांधली, साडी नेसली आणि उझमासमोर जाऊन उभी राहिली. उझमाला बाजूला व्हावं लागलं.

पण आतून निरोप आला की यासीनला गुसलाआधी फोनवर आईचं तोंड पाहायचंय आणि तो इंजिनखोलीत आहे. फिजा फोन हातात धरून बसली. अर्धा तास झाला, तास झाला. हफीजा तांब्या मांडीवर घेऊन बसली होती. ओटीपोट ताठत गेलं, मग दुखू लागलं. उठून गाठ सोडून येणं शक्य होतं, पण उझमा शेजारीच पाट टाकून बसली होती आणि अधूनमधून तिच्या साडीकडे पाहत होती. दुसरा तास भरत आला तेव्हा यासीनचा चेहरा दिसला, तो रडला, फोन बंद झाला.

पाणी पुन्हा कोमट करून हफीजाने सुरुवात केली. उजवा हात, उजवी कूस, उजवा पाय. म्हातारीचं अंग पोरीसारखं हलकं झालं होतं. डावीकडे वळवण्यासाठी तिने खांद्याखाली हात घातला, जोर लावला, आणि आत काहीतरी सुटलं. मांडीवरून ऊब उतरली. आठ महिने तिची सोबत केलेली ती ऊब तिने लगेच ओळखली.

न्हाणीत सगळीकडे पाणीच होतं. बायकांची पावलं भिजली होती, तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, आणि बोरीच्या पाल्याचा वास सगळ्यांवर होता. कोणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. तिचा एक हात अजून सासूच्या खांद्याखाली होता. तिने तो हळूच काढून घेतला आणि तांब्या जमिनीवर ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्याकडून झालं. पुन्हा पहिल्यापासून घाला."

उझमाने पदर खोचला आणि तांब्या विसळून घेतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

हफीजा मागीलदारी आली. चिंधीची गाठ भिजून आवळली होती, ती तिने दातांनी सोडवली. नळीतून थोडं आलं. बाकीचं जुन्याच वाटेने पायावर उतरत राहिलं. खुर्ची समोर होती, पण ती उभीच राहिली.

आतून पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि थांबला. मग कुजबुज. मग न्हाणीच्या झरोक्यातून उझमाचा आवाज आला.

"भाभी, आधी कुठली बाजू?"

"उजवी," हफीजाने सांगितलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आणि कोपर बुडवून बघ. कढत असेल."